पडद्याकडे पाठ करून

सिनेमा सुरू झाल्यावर पडद्याकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

बदलापूरला आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही माहितीपट दाखवत असू. तीसेक माणसं यायची. दिवे मालवले की हे गृहस्थ उठायचे, आपली प्लास्टिकची खुर्ची उलटी फिरवायचे आणि हात मांडीवर ठेवून आमच्याकडे तोंड करून बसायचे. पडद्याचा उजेड त्यांच्या पाठीवर आणि कानांच्या पाळ्यांवर पडायचा, चेहरा अंधारात राहायचा. बघणाऱ्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. आपण सिनेमा बघतोय आणि कुणीतरी आपल्याला बघतंय असं वाटायचं. खरं तर त्यांचे डोळे मिटलेले असत.

पहिल्या खेपेला आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक न राहवून म्हणाले, "अहो दादा, पडदा इकडे आहे."

"ठाव हाय, सर," ते शांतपणे म्हणाले. "आधी ऐकून घेतो. डोले उघडे ठेवले की ते मधी मधी बोलतात."

लोक हसले. दादांना त्याचं काही वाटलं नाही. सिनेमा संपला, चहा झाला, मंडळी तावातावाने मतं देऊन घरी गेली, आणि मग त्यांनी मला विचारलं, की आता आवाज बंद करून एकदा लावाल का. मी लावला. या वेळी खुर्ची सरळ होती. ते नुसतं बघत होते. ते झाल्यावर तिसऱ्यांदा, आवाज आणि चित्र दोन्ही. वाचनालयाच्या किल्ल्या माझ्याकडे असल्यामुळे मला थांबणं भाग होतं, म्हणून मीही तिन्ही वेळा पाहिला. पुढची सहा वर्षं हेच चाललं. मी जे काही बघायला शिकले ते त्या थांबण्यातून.

सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणे. त्यांना जाऊन आता चार महिने होतील. मी सावकाश लिहिते, आणि हे तर फारच सावकाश लिहिते आहे, कारण एखादं वाक्य नुसतं चांगलं जुळलं म्हणून ठेवलं तर ते त्यांना आवडलं नसतं.

ते मूळचे पालेगावचे. घरची भातशेती होती, तिच्यावर आता इमारती आहेत. पण त्यांचं आयुष्य गेलं उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्सची बटणं आणि चेन विकणाऱ्या एका दुकानाच्या माळ्यावर. तिथे ते लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करत. म्हणजे दोन-तीन कॅमेऱ्यांनी दोन दिवस टिपलेलं लग्न कापून, जोडून, गाणी घालून तीन तासांत बसवायचं. आधी कॅसेट, मग सीडी, मग पेनड्राइव्ह. बत्तीस वर्षं. कॅम्पातल्या सिंधी घरांची लग्नं, अंबरनाथच्या चाळींतली लग्नं, गावाकडच्या हळदी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. फोन आला की "हां साईं, बोलो" म्हणायचे आणि फोन ठेवला की पुन्हा पालेगावच्या बोलीत यायचे. त्यांचं शिक्षण नववीपर्यंत. पुस्तक त्यांनी आमच्याकडून एकच नेलं, ते कॅमेऱ्याच्या भिंगांबद्दलचं होतं, आणि त्याची मुदत ते पुन्हा पुन्हा वाढवून घेत.

माझी ओळख झाली ती वाचनालयाच्या जुन्या कॅसेटमुळे. सुवर्णमहोत्सवाच्या समारंभाची एकच कॅसेट उरली होती, तिला बुरशी लागायच्या आत तिची सीडी करून घ्यावी म्हणून मी शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेले. आठवड्याने आणायला गेले तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि त्या वेळच्या अध्यक्षांचं भाषण लावलं. भाषण संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी ते थांबवलं.

"मॅडम, या टाळ्या या भाषनाच्या नाय."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत, तुम्ही तर तिथे नव्हता.

"बांगड्यांचा आवाज येतोय. बायकांच्या टाळ्या हायत. समोर बघा, सगले बापे बसलेत."

मी त्या समारंभाला होते. त्या भाषणानंतर खरोखरच कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते पाऊण तास चाललं होतं आणि लोक खुर्च्या सरकवत उठले होते. टाळ्या वाजल्या होत्या दुपारी, रांगोळीच्या बक्षिसांना. इतक्या वर्षांत कॅसेट पाहून पाहून मलाही वाटू लागलं होतं की भाषण बरं झालं होतं.  मी त्यांना म्हटलं, तुम्ही आमच्याकडे माहितीपट बघायला येत जा.

त्यांनी विचारलं, "ते खरे असतात ना?"

मी म्हटलं, तेच तर बघायचंय.

त्या वर्षी एका माहितीपटावरून सगळीकडे भांडण पेटलं होतं. कुठला ते सांगत नाही, कारण त्या भांडणात आमच्याकडे येणारी दोन कुटुंबं वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती आणि आता कुठे बोलायला लागली आहेत. आमच्या बैठकीतही अर्धे म्हणत होते तो शुद्ध प्रचार आहे, अर्धे म्हणत होते तो न दाखवणं हा भ्याडपणा आहे. दादांनी मागून विचारलं की बघितलाय कोणी कोणी. तीन हात वर झाले. "पूर्न?" असं विचारल्यावर एकच राहिला, तोही मुख्याध्यापकांचा, आणि त्यांनीही मग प्रामाणिकपणे सांगितलं की शेवटी जरा डोळा लागला होता.

आम्ही तो दाखवला. दादांनी त्यांच्या पद्धतीने तीनदा पाहिला आणि पुढच्या बैठकीत जे सांगितलं ते माझ्या मनात कायमचं राहिलं. ते म्हणाले, तुम्ही लोक एकच प्रश्न विचारता, आणि भांडण त्याच्यामुळे होतं. हा सिनेमा खरा आहे का, हा एक प्रश्न. हा सिनेमा कामाचा आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आवडलं नाही की माणूस पटकन दुसऱ्यावर उडी मारतो. खोटा असला तरी कामाचा आहे म्हणतो, किंवा खरा असला तरी आत्ता काय गरज होती म्हणतो. मग त्यांनी त्या सिनेमातल्या सात जागा सांगितल्या, जिथे बोलणाऱ्याचं वाक्य कापून मागचं-पुढचं जोडलं होतं, आणि एक जागा सांगितली, जिथे कापायचा मोह होण्यासारखा होता पण कापलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे लोक नाराज होऊन घरी गेले. मी मात्र त्या दिवशी वाचनालय बंद करून अशा माणसासारखी चालत होते, ज्याला कुणीतरी नवा चष्मा दिलाय.

खोट्या जोडणीला त्यांचा एक शब्द होता, "विदाई". "इथं विदाई केलीय" असं ते म्हणत. त्यामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, माळ्यावर, मशीन बंद करून.

कॅम्पातल्या एका घरचं लग्न होतं. पाठवणीच्या वेळी मुलीची आई रडलीच नाही. सगळ्या बायका रडत होत्या, आणि ही तोंडभर हसत उभी. घरच्यांनी कॅसेट पाहिली आणि म्हणाले, साईं, हे बरं नाही दिसत, लोक काय म्हणतील. दादांनी शोधाशोध केली. होमाच्या धुराने त्या बाईंचे डोळे चुरचुरून पाणी आलं होतं, तो तुकडा उचलला, पाठवणीत बसवला, खाली सनई घातली. घरचे खूश झाले. ती बाईसुद्धा माळ्यावर येऊन बघून गेली, आणि बघता बघता खरीच रडली.

बारा वर्षांनी ती मुलगी आली. आई नुकतीच वारली होती. तिने सांगितलं की तिच्या या लग्नाला घरातल्या सगळ्यांचा विरोध होता, एकटी आई तिच्या बाजूने होती. गाडीत बसताना तिने वळून पाहिलं तेव्हा आई हसत होती, आणि त्या हसण्यावर तिने सासरचे पहिले वाईट दिवस काढले. तिला तेवढं हसणं हवं होतं. मूळ कॅसेट दादांनी कधीच पुसून दुसऱ्या लग्नाला वापरली होती. तेव्हा सगळेच वापरत.

"ती मला बोल्ली, आई शेवटी शेवटी सगल्यांना सांगाची, मी हिच्या विदाईला किती रडले. तिला सोताला पन हसलेलं आठवत नव्हतं, मॅडम. मी तिच्या डोक्यातनं कापलं ते."

एवढं सांगून त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

ते कठोर होते असं मात्र कुणी समजू नये. स्तुती करायची वेळ आली की ते लहान मुलासारखे व्हायचे. गटार साफ करणाऱ्या माणसावरचा एक छोटा माहितीपट होता, साधाच, कॅमेरा हलत होता. एका ठिकाणी उन्हात कॅमेरा धरणाऱ्याचीच सावली त्या माणसाच्या अंगावर पडते आणि तो माणूस वर बघून म्हणतो, जरा बाजूला व्हा, दिसत नाही. दादा खुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटलं, पाय अवघडला. नंतर म्हणाले की ज्याने ही सावली ठेवली त्याला उभं राहून बघायला पाहिजे. त्यानंतर तो माहितीपट आम्ही कधीही लावला की त्या जागी ते उभे राहत, आणि काही वर्षांनी मुख्याध्यापकही राहू लागले.

आता मानसीच्या सिनेमाबद्दल सांगते. दादा कोण होते हे मला त्यात कळलं.

मानसी ही पालेगावच्या पलीकडे ओढ्याकाठच्या एका वाडीतली मुलगी, अंबरनाथला एका दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसायची. वाडीच्या वरच्या अंगाला जीन्स धुण्याची एक शेड आली होती. शिवलेल्या पँटी तिथे येत, धुऊन, रंग उतरवून परत कॅम्पात जात. वाडीतल्या बायका भांडी-कपड्यांचं पाणी ओढ्याच्या वाळूत खणलेल्या खड्ड्यातून काढत, त्याला त्या डवरा म्हणतात. डवऱ्यात निळं पाणी येतं अशी त्यांची तक्रार होती. शेडवाल्याकडे पाणी तपासल्याचा कागद होता, त्यात पाणी स्वच्छ होतं. मानसीने मैत्रिणीचा कॅमेरा आणून वीस मिनिटांचा माहितीपट केला. तो मोबाइलवरून गावभर फिरला आणि आग लागली. शेडवर काम करणारी चाळीस माणसं म्हणाली, पोरीने आमच्या पोटावर पाय देण्यासाठी खोटं केलंय. वाडी म्हणाली, पुन्हा पाणी तपासा.

तो आमच्याकडे दाखवायचा आणि दादांनी निवाडा द्यायचा, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं. दोन्ही बाजूंच्या लग्नांचे व्हिडिओ त्यांनीच जुळवलेले होते. दादा खोटं बोलणार नाहीत, एवढ्या एकाच गोष्टीवर त्या दिवसांत सगळ्यांचं एकमत होतं.

त्यांनी आधी तीन दिवस मागून घेतले. मग रविवारी, साठ-सत्तर माणसांसमोर, त्यांनी दोनच दृश्यं लावली. पहिल्यात मानसीची चुलती, जिला सगळी वाडी काकू म्हणते, डवऱ्यात हंडा बुडवते. पाणी एवढं नितळ की पाण्याखालची तिची बोटं दिसतात. दुसऱ्यात ती ओट्यावर हंडा घमेल्यात ओतते, आणि पाणी निळं. तेच लुगडं, त्याच फाटक्या काठाचं. तोच पोचा आलेला हंडा.

"सावली बघा," दादा म्हणाले. "भरताना एका बाजूला हाय, ओतताना दुसऱ्या. हंडा सकाली भरला, दुपारी ओतला. मधी कं झालं ते या सिनेमात नाय." इथवर ते बरोबर होते. मग ते एक वाक्य पुढे गेले. "मी बत्तीस वर्सं हेच काम केलं. पान्यात नील टाकलीय."

मानसी उभी राहिली.  ती म्हणाली की मी काही टाकलं नाही, सकाळी शूट केलं, मग दुपारी केलं, मध्ये काय झालं मला पण माहीत नाही. पाणी तसंच होतं.

"मंग तसं सांगाचं होतं सिनेमात."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला, फैसला हो गया." शेडवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या खऱ्या होत्या.

संध्याकाळपर्यंत दादांचं ते वाक्य सगळ्यांच्या मोबाइलवर होतं. पाणी पुन्हा तपासायची मागणी बाजूला पडली. काकू बाजारात गेली की पोरं तिला "ए नीळवाली" म्हणू लागली. मानसीच्या दवाखान्यातही लोक तिला विचारू लागले. आणि वाडीतल्या बायका भांडी घासायला त्याच डवऱ्यावर जात राहिल्या, दुसरं पाणी नव्हतंच.

मी त्या दिवशी गप्प बसले होते, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. ते वाक्य पुढे गेल्याचं मला जाणवलं होतं. पण त्यांना चूक दाखवायची म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं.

बुधवारी ते वाचनालयात आले. भिंगांचं पुस्तक परत करायला आले असतील असं मला वाटलं. ते टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी 'टाकलीय' का बोल्लो?"

मी म्हटलं, तुम्ही अंदाज केला.

"नाय. मला ते पायजे होतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या मुलाचा कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा कारखाना आहे, अकरा मशीन. तो आहे हे मला ठाऊक होतं; त्याचा माल त्याच शेडवर धुवायला जातो हे ठाऊक नव्हतं. शेड बंद झाली की मुलाचं काम बंद. हे त्यांनी निवाड्याच्या आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा सिनेमा बघताना आपण काकूकडे बघत नव्हतो, पोराच्या मशीनी बघत होतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बसा जरा, पाणी घ्या. ते बसले नाहीत. म्हणाले, बघायला जातो.

आणि ते खरोखर जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून, घडीचं स्टूल घेऊन, डवऱ्याच्या काठावर, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. सोबत काचेच्या रिकाम्या बाटल्या. दर तासाला एक बाटली भरायची, वर चिठ्ठी चिकटवायची, ओळीत मांडायची. काकूने पहिल्या दिवशी त्यांना पाहिलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता कं बगाया आलास रं? कोनाचं लगीन हाय इथं?"

"पान्याचं," ते म्हणाले.

"मंग आहेर आनलास का? का नुसता जेवाया आलास?"

हे काकूनेच मला नंतर सांगितलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी चहा आणून दगडावर ठेवला आणि न बोलता गेली.

तो तिसरा दिवस शनिवार होता. मी रजा टाकून तिथे गेले होते. सकाळी डवरा आरशासारखा होता, तळाची वाळू दिसत होती. दादांनी आदल्या दोन दिवसांच्या बाटल्या दाखवल्या. गुरुवारच्या सगळ्या निळसर. शुक्रवारच्या दुपारपासून रंग उतरत गेलेला, संध्याकाळची जवळजवळ पांढरी.  दुपारी दोनच्या सुमाराला वाळूच्या कडेने एक बारीक निळा दोरा आत आला. खरोखर दोऱ्याएवढाच. तो वळत वळत मधोमध आला, पसरला, आणि तासाभरात तळ दिसेनासा झाला.

दादांनी तीनची बाटली भरून ओळीत ठेवली. मग म्हणाले, "शुक्रवार."

आमच्या या पट्ट्यात शुक्रवारी वीज बंद असते, म्हणून कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, शुक्रवारी असते. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. शुक्रवारी शेड बंद, ओढा धुऊन निघतो, शनिवारी सकाळी पाणी नितळ. सकाळी शेड सुरू होते, दुपारी टाक्या रिकाम्या करतात. मानसीला सुट्टी मिळायची ती शनिवारी, म्हणून तिने शूटिंग केलं तेही शनिवारी, सकाळी आणि दुपारी. लग्नांचे व्हिडिओ जुळवणाऱ्या माणसाला दोन तुकड्यांमध्ये चोर शोधायची सवय होती. त्या दोन तुकड्यांच्या मध्ये चोर नव्हताच, एक वार होता.

तरी ते उठले नाहीत. एकदा झालं ते योगायोग असेल म्हणाले, आणि पुढच्या शनिवारचीही दुपार पाहून मगच उठले. मधल्या दिवसांत त्यांनी शेडवाल्याचा तो तपासणीचा कागद मिळवून तारीख पाहिली. तो नमुनाही शनिवारी सकाळी घेतलेला होता.

"कागद खरा, हंडा खरा, निलं पानी खरं," ते मला म्हणाले. "खोटी एकटी माझी जीभ."

त्यांनी काकूपुढे हात जोडले. तिने ते हात खाली केले आणि म्हणाली, "मला कं सांगतंस? जित्तं बोल्लास तित्तं जाऊन बोल."

मानसीला कॅमेरा घेऊन बोलावलं तेव्हा ती यायला तयार नव्हती. ती मला फोनवर म्हणाली, मॅडम, त्यांना माफी मागायची असेल तर माझ्या घरी येऊन मागू दे, कॅमेरा कशाला. मी तिला एवढंच सांगितलं, की बत्तीस वर्षांत हजारो लग्नांत हा माणूस कुठल्याच चौकटीत आलेला नाही, कुणी फोटो काढायला लागलं तर भिंतीआड होतो. ती आली.

आमच्याच दालनात, तितक्याच माणसांसमोर, ते कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले. मानसीला म्हणाले, एकदाच घे आणि कुठे कापू नकोस. मग त्यांनी शुक्रवार सांगितला, बाटल्या दाखवल्या, कागदाची तारीख वाचून दाखवली. शेवटी म्हणाले, "माझ्या पोराचा माल त्या शेडवर जातो. हे मी पहिल्या दिवशी सांगाया पायजे होतं. नाय सांगितलं. पोरगी खरं बोलत होती, काकू खरी होती. मी चुकलो." त्यानंतर ते तसेच बसून राहिले. मानसीने कॅमेरा बंद केला नाही.  मी त्यांच्याकडे पाहत होते, आणि माणूस एवढा उघडा होऊन इतका मोठा दिसू शकतो हे मला तोवर कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

त्यांनी मानसीला आणखी एक गोष्ट करायला लावली, ती तिला जड गेली. शनिवार सकाळचं नितळ पाणी सिनेमात ठेवायचं आणि तो शनिवार आहे हे सांगायचं. ती म्हणाली, स्वच्छ पाणी दाखवलं तर ते म्हणतील, बघा, स्वच्छच आहे. दादा म्हणाले, म्हणू दे. तिने ठेवलं. आणि त्याच नितळ पाण्याने काम केलं, कारण तपासणीचा कागद कसा निघाला ते त्यातूनच सगळ्यांना कळलं. पुढचा नमुना बुधवारी घेतला गेला. पाणी साफ करायची सोय होईपर्यंत शेड बंद ठेवायला लागली. सात महिने बंद होती.

त्या सात महिन्यांत मुलाच्या अकरापैकी नऊ मशीन बंद राहिल्या. शेडवरच्या ज्या माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतले काही दादा दिसले की रस्ता बदलत. दादा ते सगळं पाहत आणि आमच्याकडे येऊन खुर्ची फिरवून बसत. मी एकदा विचारलं, मानसीचा सिनेमा आता खरा झाला का, कामाचा झाला का. ते म्हणाले, त्याच्यावर मला काही बोलता येणार नाही, त्यात मी आहे.

त्यांच्या तेराव्यानंतर आठवड्याने त्यांचा मुलगा वाचनालयात आला. भिंगांचं पुस्तक परत करायचं होतं. पस्तिशीचा, अंगाने थोराड, हातात हेल्मेट. मी त्याला आधी दोनदाच पाहिलं होतं. मी जे मनात होतं तेच बोलले, की तुमच्या वडिलांच्या त्या बोलण्याने तुम्हाला फार सोसावं लागलं.

त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, शुक्रवारचं मला माहीत होतं."

मला कळलं नाही.

"पहिल्यापासून. माझा माल जातो ना तिथे. शनिवारी सकाळी टेम्पो घेऊन गेलो की ओढा साफ, संध्याकाळी उचलायला गेलो की निळा. पप्पांनी एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं."

मी विचारलं, मग त्यांनी तुम्हाला विचारलं का नाही?

"विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. अकरा मशीन होत्या, मॅडम. लोन होतं. मी सरळ सांगितलं असतं, मला काय माहीत नाही." त्याने वर पाहिलं. "शेवटच्या दिवशी तिकडून उठून ते कारखान्यात आले. पाय चिखलाने भरलेले. मला बोल्ले, उद्या मी बोलनार हाय. तुला कोनी कं विचारलं तर सांग, बापानं मला विचारलंच नाय. तेवढं तर खरं हाय."